शुभेच्छापत्रांतून उरलेली कात्रणे : वर्गातली कात्रणपेटी कशी लावावी, कशी वापरावी



शुभेच्छापत्रे कशी करावीत, यावर पुष्कळ लिहिलं जातं. ती करून झाल्यावर वर्गात जे उरतं, त्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. बाकाखाली पडलेल्या पट्ट्या, अर्धवट कापलेली फुलं, घोटीव कागदाचे कोपरे, टिकलीएवढे कपटे. तास संपल्याची घंटा होते, खराटा येतो आणि सगळं एकत्र गोळा होऊन कचऱ्यात जातं. आजच्या पाठात आपण या उरलेल्या कागदाचा विचार करणार आहोत. तो कसा वेगळा करायचा, कुठे ठेवायचा, त्यातून काय करायचं, आणि मुळात तो कमी कसा उरेल, हे क्रमाने पाहू.

हा विषय नुसत्या स्वच्छतेचा नाही. बिलोली तालुक्यातल्या कुठल्याही गावातली शाळा डोळ्यांसमोर आणा. "उद्या येताना रंगीत कागद आणा" असं सांगितलं की दुसऱ्या दिवशी काही लेकरं कागद आणतात, काही विसरतात, आणि दोन-चार अशी असतात की त्यांनी घरी विचारलेलंच नसतं. घरात काय उत्तर मिळेल हे त्यांना ठाऊक असतं. काहींचे आई-वडील ऊसतोडीला किंवा हैदराबादकडे कामाला गेलेले असतात आणि घरी आजी एकटी असते. असं लेकरू त्या तासाला शेजाऱ्याच्या कागदाकडे बघत बसतं, किंवा त्या दिवशी शाळेतच येत नाही. नीट लावलेली कात्रणपेटी वर्गात असेल, तर या मुलाला कुणापुढे हात पसरावा लागत नाही. म्हणून हा पाठ.

१. आधी हिशेब : कागद किती वाया जातो?

बाजारात मिळणारा ए-४ कार्डशीट २१ सेंमी रुंद आणि २९.७ सेंमी लांब असतो. त्याचं क्षेत्रफळ ६२३.७ चौरस सेंमी. आता समजा, तुम्ही मुलांना १२ × १८ सेंमीचं घडीचं कार्ड करायला सांगितलं. घडी उघडली की ते २४ × १८ सेंमी होतं, म्हणजे ४३२ चौरस सेंमी. उरलं किती?

६२३.७ − ४३२ = १९१.७ चौरस सेंमी.

म्हणजे कागदाचा जवळजवळ ३१ टक्के भाग पहिल्या कापातच बाजूला पडला. एक पट्टी ५.७ × २१ सेंमीची आणि दुसरी २४ × ३ सेंमीची. वर्गात ४० मुलं असतील तर ७,६६८ चौरस सेंमी कागद उरतो. त्याला एका कागदाच्या क्षेत्रफळाने भागा. बारा अख्खे कार्डशीट भरतील एवढा कागद आपण एका तासात खराट्याच्या हवाली करतो!

रद्दीत घातला तर याचं काय मोल? २२० जीएसएमचा कागद धरला (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), तर ही सगळी कात्रणं मिळून सुमारे १७० ग्रॅम भरतात. रद्दीवाल्याकडून एका चहाचेही पैसे यायचे नाहीत. पण वर्गात वापरला तर तोच कागद कितीतरी मुलांच्या हाताला काम देतो. वजनाच्या हिशेबाने जे कवडीमोल आहे, ते वापराच्या हिशेबाने बारा कार्डशीट आहे. मुलांना हा हिशेब फळ्यावर स्वतः करू द्या. सांगून जे पटत नाही, ते गणिताने पटतं.

२. कमी उरावं म्हणून : कापण्याआधी आखणी

ए मालिकेच्या कागदात एक गंमत आहे. ए-० कागदाचं क्षेत्रफळ एक चौरस मीटर. तो मधोमध कापला की ए-१, तो कापला की ए-२, असं करत ए-४ पर्यंत या. प्रत्येक वेळी लांबी आणि रुंदीचं प्रमाण तेच राहतं. त्यामुळे ए-४ मधून कार्ड काढायचं असेल, तर मोजपट्टी न लावताही दोन सोपे मार्ग आहेत.

पहिला मार्ग : अख्ख्या कागदाची मधोमध एक घडी घाला. १४.८ × २१ सेंमीचं मोठं कार्ड तयार. काही उरत नाही.

दुसरा मार्ग : कागद मधोमध कापून दोन भाग करा आणि प्रत्येकाची घडी घाला. १०.५ × १४.८ सेंमीची दोन कार्डं मिळतात. काही उरत नाही. शिवाय ४० मुलांना ४० ऐवजी २० कागद पुरतात.

कार्ड थोडं लहान होतं, हे खरं. पण "शिक्षकदिनाच्या शुभेच्छा" लिहायला आणि एक फूल चिकटवायला तेवढी जागा भरपूर होते.

दुसरी सवय कात्री धरण्याची. मुलांना फूल कापायला दिलं की कात्री सरळ कागदाच्या मधोमध जाते. फूल मिळतं, पण कागदाला भोक पडतं आणि बाकीचा भाग कुणाच्या कामाचा राहत नाही. म्हणून सांगायचं, "कडेपासून कापा, कोपऱ्यापासून सुरू करा." घरी चपातीच्या पोळपाटावर शंकरपाळ्या कापताना आई मधून कापते का? ती एका कडेने कापत जाते, म्हणून कणीक वाया जात नाही. लेकरांना हे लगेच कळतं.

३. लावायचं कसं? आधी आकार, मग रंग

आपल्यापैकी बरेच जण कात्रणं एका खोक्यात भरून ठेवतात. खोका भरतो, उन्हाळ्याची सुट्टी येते, जूनमध्ये उघडून बघावं तर सगळं चुरगळलेलं. खोक्यात टाकणं म्हणजे लावणं नव्हे. जो तुकडा शोधायला पाच मिनिटं लागतात, तो तुकडा असूनही नसल्यासारखाच.

काही जण रंगाप्रमाणे लावतात. दिसायला छान दिसतं. पण अडचण अशी, की रंग लांबूनही दिसतो, आकार मात्र तुकडा बाहेर काढल्याशिवाय कळत नाही. हिरव्या कागदाच्या ढिगातून पानाएवढा तुकडा शोधताना मूल सगळा ढीग उपसतं. म्हणून आधी आकाराने चार घरं करा. मोजपट्टी नको, हातात असलेली मापं पुरतात.

पहिलं घर, तळहात : तळहातापेक्षा मोठे तुकडे. हे दुमडू द्यायचे नाहीत. जुन्या वह्यांचे दोन पुठ्ठे घ्या, मध्ये तुकडे सपाट ठेवा आणि नाडीने बांधा.

दुसरं घर, पट्टी : लांब आणि अरुंद तुकडे. पाण्याची प्लास्टिकची बाटली वरून कापून तिच्यात उभ्या ठेवा. बाटलीची कापलेली कड हाताला लागते, तिच्यावर चिकटपट्टी फिरवायला विसरू नका.

तिसरं घर, काडीपेटी : तळहातापेक्षा लहान, पण काडीपेटीपेक्षा मोठे तुकडे. सगळ्यात जास्त कात्रणं याच घरात येतात, म्हणून इथे मात्र रंग लावायचा. लाल-गुलाबी, पिवळा-केशरी, हिरवा, निळा, पांढरा, काळा-तपकिरी आणि छापील, अशी सात पाकिटं करा. लग्नपत्रिकांची जुनी पाकिटं यासाठी उत्तम. लगीनसराईत प्रत्येक घरात ती ढिगाने साठतात.

चौथं घर, चिमूट : काडीपेटीपेक्षा लहान कपटे. एका बरणीत सगळे एकत्र. यांचे रंग वेगळे करण्यात वेळ घालवू नका.

आणि पाचवी वाट रद्दीची. ओला झालेला, तेल लागलेला, डिंकाने कडक झालेला कागद पेटीत ठेवायचाच नाही. सगळंच जपून ठेवायचं म्हटलं की पेटी चांगली राहत नाही. टाकायचं काय, हे ठरवणं हासुद्धा लावण्याचाच भाग आहे. चमकीचा आणि प्लास्टिकचा थर असलेला कागद सजावटीला चालतो, पण त्यासाठी वेगळं पाकीट ठेवा. कारण पुढे लगदा करताना तो चालत नाही. उरलेलं काहीही मैदानात पेटवू नका. रंगीत आणि चकचकीत कागदाचा धूर लेकरांच्या नाकातोंडात जातो.

वेळ किती लागतो? तास ३५ मिनिटांचा असेल तर शेवटची सात मिनिटं राखून ठेवा. प्रत्येक घराला दोन कारभारी नेमा आणि दर आठवड्याला बदला. बाकीच्या मुलांनी आपापली कात्रणं बाकावर चार भागांत करायची, कारभाऱ्यांनी गोळा करायची. पहिल्या दोन-तीन वेळा गोंधळ होईल. नंतर मुलं तुमच्याआधी सुरुवात करतील.

४. पेटीचे तीन नियम

इथे या पाठातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते. पेटी सुंदर लावली, पण ती "ज्याच्याकडे कागद नाही त्याच्यासाठी" अशी ठेवली, तर ती गरिबाची पेटी होते. मग ज्याला गरज आहे ते लेकरूच तिच्याकडे जात नाही. मुलांना हे फार लवकर कळतं. भर वर्गात उठून त्या पेटीपर्यंत चालत जाणं हेच त्याला जड होतं. म्हणून तीन नियम.

नियम पहिला : पहिला तुकडा पेटीतून, आणि तो सगळ्यांनी घ्यायचा. ज्याच्या दप्तरात नवं कोरं पाकीट आहे, त्यानेही आधी पेटीतूनच घ्यायचं. शिक्षकांनीही नमुना दाखवताना पेटीतलाच कागद वापरायचा.

नियम दुसरा : पेटीत गेलेला कागद वर्गाचा. "हा माझ्या कागदाचा तुकडा आहे" असं म्हणायचं नाही. पाकिटांवर रंगाचं नाव लिहा, मुलाचं नाव लिहू नका.

नियम तिसरा : एक टाका, एक घ्या, असा नियम करू नका. ऐकायला तो न्यायाचा वाटतो, पण ज्याच्याकडे टाकायला काही नाही त्याला तो बाहेर ठेवतो. त्याऐवजी असं म्हणा, "घेतलेल्या तुकड्यातून जे उरेल, ते परत आपल्या घरी." हे सगळ्यांना जमतं.

असं केलं की वर्गात कुणाकडे कागद होता आणि कुणाकडे नव्हता, हे कार्ड बघून ओळखता येत नाही. कार्यानुभवाच्या तासाला याहून मोठं मूल्यशिक्षण काय असेल?

५. कोणत्या घरातून काय करता येईल?

तळहात घरातून : पाकिटाच्या आतलं अस्तर, भेटवस्तूवरची नावाची चिठ्ठी, कार्डाच्या आत चिकटवायचा मजकुराचा कागद. रंगीत कार्डावर पेनाने लिहिलेलं दिसत नाही, तिथे पांढऱ्या तुकड्यावर लिहून तो आत चिकटवला की काम होतं.

पट्टी घरातून : वर आपण ५.७ × २१ सेंमीची पट्टी पाहिली. तिच्या ७-७ सेंमीवर तीन चिठ्ठ्या होतात, किंवा अख्ख्या पट्टीची एक छान पुस्तकखूण होते. ३ सेंमी रुंदीच्या पट्टीचे अर्धा-अर्धा सेंमीचे सहा दोरे निघतात. ते पेन्सिलीभोवती गुंडाळून सोडले की फुलं आणि वेली तयार. दोन रंगांच्या पट्ट्या एकीखालून एक घालून चटईसारख्या विणल्या, तर कार्डाचं पुढचं पान तयार होतं. आजीची चटई ज्याने पाहिली आहे, त्याला वीण समजवावी लागत नाही.

काडीपेटी घरातून : वाकळ कार्ड. आपल्या मराठवाड्यात जुन्या लुगड्या-धोतरांचे तुकडे जोडून वाकळ शिवतात. त्याच पद्धतीने ३ × ३ सेंमीचे चौकोन कापून कार्डावर एकाला एक लावून चिकटवा आणि कडेने स्केचपेनने टाक्यांसारख्या रेघा मारा. १०.५ × १४.८ सेंमीच्या कार्डावर आडवे तीन आणि उभे चार, असे बारा चौकोन बसतात आणि कडेला थोडी जागा राहते. याच घरातल्या तुकड्यांची अक्षरंही कापता येतात. बिलोलीसारख्या तेलंगणाच्या सीमेवरच्या तालुक्यात एकाच बाकावर घरी मराठी, तेलुगू आणि उर्दू बोलणारी मुलं बसतात. प्रत्येकाने आपल्या घरच्या भाषेत एक शब्द कापून लावला, तर तीन लिप्यांचं एक कार्ड तयार होतं. ते मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवण्यासारखं होतं!

चिमूट घरातून : चित्र काढा, त्याच्या रेषेच्या आत खळ लावा आणि कपटे भरा. मोर, सूर्यफूल, पतंग, काहीही. पहिली-दुसरीच्या मुलांना कात्री देऊ नका. त्यांना कागद फाडू द्या. फाडलेल्या कडेची पांढरी किनार चित्रात छान दिसते, आणि बोटांना वळणही लागतं.

घडी घालताना एक गोष्ट लक्षात ठेवा. गिरणीत कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतांशी एकाच दिशेने लागतात. त्या दिशेने घडी स्वच्छ बसते, आडव्या दिशेने ती तडकते. तुकड्याची दिशा ओळखायची असेल तर कोपरा थोडा फाडून बघा. ज्या बाजूने तो सरळ फाटतो, ती तंतूंची दिशा. जाड कार्डशीटच्या तुकड्याला हे बघूनच घडी घाला.

६. वर्षभराचं वेळापत्रक

पेटी नुसती भरत गेली तर तिचंही अडगळीत रूपांतर होतं. म्हणून सणवारांशी तिची सांगड घाला. राखीपौर्णिमेला चिमूट घरातले कपटे राखीच्या चकतीवर. ५ सप्टेंबरला शिक्षकदिनाचं वाकळ कार्ड. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं भित्तिपत्रक. दिवाळीला आकाशकंदिलाच्या शेपट्या पट्टी घरातून. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला पुस्तकखुणा. संक्रांतीला तिळगुळाच्या छोट्या पुड्या. यासाठी मात्र पांढरा, कोरा आणि स्वच्छ कागदच घ्या. छापील कागदाची शाई खाण्याच्या पदार्थाला लागू देऊ नये. ईदला, १४ एप्रिलला, गावच्या जत्रेला असंच काही ठरवा. वार्षिक परीक्षेआधी पेटी रिकामी झाली पाहिजे, हे ध्येय ठेवा.

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीनंतर केशरी, पांढरा आणि हिरवा कागद खूप उरतो. तो साधा कागद म्हणून खुशाल वापरा. पण तयार झालेले कागदी राष्ट्रध्वज कापून कलाकुसरीला वापरायचे नाहीत आणि जमिनीवर टाकायचेही नाहीत. ध्वजसंहितेप्रमाणे त्यांचा मान राखून वेगळी व्यवस्था करायची असते.

लग्नपत्रिकांचंही तसंच. त्यांचा जाड कागद फार कामाचा असतो, पण वर गणपतीचं, कुलदैवताचं किंवा महापुरुषांचं चित्र असतं. ते चित्र आधी अखंड कापून वेगळ्या पाकिटात ठेवा आणि मगच बाकीचा कागद पेटीत घाला. कुणाच्या श्रद्धेच्या चित्रावर कात्री चालली किंवा पाय पडला, तर घरून तक्रार येते आणि एवढं चांगलं काम बंद पडतं. पत्रिकेवरची माणसांची नावं आणि फोन नंबरही कापून रद्दीत टाका.

७. जे कशातच बसत नाही, त्याचा लगदा

बरणी भरली आणि कपट्यांचं करायचं काय सुचेना, तर त्याचा पुन्हा कागद करता येतो. कृती सोपी आहे.

साहित्य : चार मुठी कपटे (चमकी आणि प्लास्टिकचा थर नसलेले), अर्धी बादली पाणी, खलबत्ता, जुनी सपाट चाळणी, सुती कापडाचे तुकडे, लाटणं.

कृती : कपटे रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी खलबत्त्यात कुटून मऊ लगदा करा. तो परातभर पाण्यात ढवळून घ्या. चाळणी पाण्यात बुडवून सपाट वर उचला, तिच्यावर लगद्याचा पातळ थर बसतो. पाणी निथळलं की चाळणी सुती कापडावर पालथी घाला. वर दुसरं कापड ठेवून लाटणं फिरवा आणि उन्हात वाळवा. आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात तो लवकर वाळतो. हा कागद थोडा खडबडीत आणि रंगीत ठिपक्यांचा होतो. त्यावर पुन्हा शुभेच्छापत्र करा!

कागदासाठी लगदा बरोबर जमला नाही, तर टोपली करा. कागदाच्या लगद्यात भिजवून वाटलेली मेथी मिसळायची आणि पालथ्या भांड्यावर थापून टोपली करायची, ही युक्ती आपल्या आज्यांना चांगली ठाऊक आहे. मेथीच्या चिकटपणाने लगदा धरून राहतो. वर्गातल्या एखाद्या आजीलाच शाळेत बोलवा. तिच्या हातून शिकण्यासारखं आपण कशाला पुस्तकातून शिकवायचं?

टाकाऊपासून कागद, ही गोष्ट आपल्या मुलखाला नवी नाही. दौलताबाद आणि खुलताबादच्या दरम्यान कागजीपुरा नावाचं गाव आहे. गावाचं नावच कागदावरून पडलं. तिथल्या हातकागदाची परंपरा मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली त्या काळाशी जोडली जाते. असा हातकागद चिंध्यांपासून बनत असे. पुढे पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली हातकागद संस्था सुरू झाली. तिथेही सुती कापडाच्या कात्रणांपासूनच कागद करतात. शिंप्याकडची कात्रणं कागद होतात, आणि कागदाची कात्रणं आपण फेकून देतो, हे मुलांना सांगितलं की ती स्वतःच हसतात. गांधीजी आलेल्या पत्रांची पाकिटं उघडून त्यांच्या आतल्या कोऱ्या बाजूवर लिहीत. १९३७ साली वर्ध्याला झालेल्या शिक्षण परिषदेत त्यांनी हातकामातून शिक्षणाचा विचार मांडला. कात्रणपेटी हे त्याच विचाराचं एक लहान रूप म्हणता येईल.

८. पेटीची निगा

पावसाळ्यात कागद दमट होतो आणि मऊ पडतो, म्हणून पेटी जमिनीवर किंवा भिंतीला चिकटून ठेवू नका. वाळवी जमिनीतून आणि भिंतीतून येते. दोन विटांवर फळी ठेवून तिच्यावर पेटी ठेवा. कणकेची खळ लावलेली कार्डं पेटीत घालू नका, खळीच्या वासाने कसर आणि झुरळं येतात. वाळलेला कडुनिंबाचा पाला पाकिटांमध्ये ठेवा. सुट्टीआधी एकदा सगळं उन्हात घालून काढा.

९. या एका पेटीतून कोणकोणते विषय शिकवता येतात?

गणित : क्षेत्रफळ, अपूर्णांक, शेकडेवारी, वर्गीकरण.
विज्ञान : तंतू, पाणी शोषणं, बाष्पीभवन.
भाषा : शुभेच्छांचा मजकूर, पाकिटावर पत्ता लिहिणं, पिनकोडची जागा.
परिसर अभ्यास : कचऱ्याचे प्रकार, पुनर्वापर.
इतिहास : कागदाचा प्रवास, कागजीपुरा.

स्वाध्याय

(१) ए-४ कागदातून ११ × १६ सेंमीचं घडीचं कार्ड कापलं, तर किती चौरस सेंमी कागद उरेल? शेकडा किती?
(२) तुमच्या दप्तरातली आणि बाकाखालची कात्रणं गोळा करून चार घरांत लावा. कोणत्या घरात सगळ्यात जास्त तुकडे आले? का?
(३) नवा कागद अजिबात न वापरता, फक्त पेटीतल्या तुकड्यांतून एक कार्ड तयार करा आणि ज्याला भेटून बरेच दिवस झाले अशा घरच्या माणसाला द्या किंवा पाठवा.
(४) घरातल्या आजी-आजोबांना विचारा : तुमच्या लहानपणी कागद कशाकशासाठी जपून ठेवत? दहा ओळी लिहा.
(५) "एक टाका, एक घ्या" हा नियम न्यायाचा आहे की नाही? वर्गात चर्चा करा.

मित्रांनो, तिसऱ्या स्वाध्यायाकडे विशेष लक्ष द्या. आई-बाबा दूर कामाला गेलेल्या मुलांची कार्डं आधी पूर्ण होतील असं बघा. पत्ता माहीत नसेल तर कार्डाचा फोटो काढून मुकादमाच्या किंवा शेजाऱ्याच्या फोनवरून पाठवता येतो, आणि कार्ड आई-बाबा घरी येतील तेव्हा हातात देता येतं. त्या कार्डाचा कागद विकत घेतलेला होता की पेटीतला, हे तिकडे कुणी विचारणार नाही.

उद्याच्या तासाला एक रिकामं खोकं, चार पाकिटं आणि एक बाटली घेऊन वर्गात जा. सुरुवातीला एवढंच पुरतं.